उपास, उपाशी आणि निर्जळी: चरबी चढलेल्या यकृताच्या रुग्णाची पित्ताशयाची शस्त्रक्रिया

(प्रकरण अभ्यास. जळगाव-धुळे भागात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून शिकवण्यासाठी हा रुग्ण उभा केला आहे. तो कोणी एक खरा माणूस नाही. औषधं, मात्रा आणि कारणमीमांसा मात्र प्रत्यक्ष वापरातली आहे.)

यावल तालुक्यातला ५४ वर्षांचा केळी पिकवणारा शेतकरी. वजन ८४ किलो, उंची १६६ सें.मी., बीएमआय ३०.५. नऊ वर्षांपासून मधुमेह, चार वर्षांपासून रक्तदाब. तेलकट जेवलं की तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत भिनायची. सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक खडे दिसले, सर्वांत मोठा १४ मि.मी.चा. पित्तनलिका ५ मि.मी., म्हणजे मोकळी. यकृत १७.५ सें.मी. आणि त्यावर शेरा: ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’. हा शेरा आपल्याकडच्या निम्म्या सोनोग्राफी रिपोर्टांवर असतो, त्यामुळे त्याकडे कोणी बघत नाही. इथेही बघितलं नव्हतं.

रक्ततपासणीत एएसटी ५८, एएलटी ७४ (यकृतपेशींना इजा झाली की हे दोन्ही वाढतात), बिलिरुबिन ०.९, अल्ब्युमिन ३.९, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.१, प्लेटलेट २ लाख १० हजार, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ८.१. तालुक्यातली शस्त्रक्रिया मे महिन्यात ठरली. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं, सकाळी ९ चा नंबर. सूचना एकच आणि तोंडी: ‘रात्री १२ नंतर पाणीसुद्धा नाही, उपाशीपोटी या.’

आदल्या रात्री भावकीतलं लग्न होतं. वरण-बट्टी, वर तूप, घोटलेली वांग्याची भाजी. जेवण ८ ला आटोपलं, शेवटचं पाणी १० ला, मग झोप. सकाळी ६ ला दोन घोट पाण्याबरोबर ‘रोजच्या गोळ्या’ घेतल्या, कारण बीपीची गोळी चुकवू नका असं कोणीतरी सांगितलं होतं. ९ ला नंबर लागायचा, पण मध्ये दोन तातडीच्या केसेस आल्या आणि दुपारचे अडीच वाजले. बाहेर मे महिन्यातलं ऊन. तोवर अन्नाशिवाय साडेअठरा तास झाले होते आणि, ते दोन घोट सोडले तर, पाण्याशिवाय साडेसोळा.

टेबलवर घेण्याआधी नाडी ११२, रक्तदाब १०८/७०, जीभ कोरडी. मळमळ होती आणि श्वास जरा खोल, जरा जलद. ग्लुकोमीटरवर साखर १६८. हा आकडा बघून पुढे जाणं सोपं होतं. भूलतज्ज्ञाला खटकला तो श्वास. ऑक्सिजन ९८ टक्के, छाती साफ, मग माणूस धापतो कशाला? रक्तातले कीटोन (चरबी जळताना बनणारे आम्लधर्मी घटक) ४.६ निघाले. ब्लड गॅसवर (रक्तातलं आम्ल मोजणारी तपासणी) पीएच ७.२४, बायकार्बोनेट १३, लॅक्टेट १.८. सोडियम १३८, क्लोराइड १०४, म्हणजे अॅनायन गॅप (रक्तात जादा आम्ल साठल्याची खूण) २१. साखर न वाढता झालेला कीटोअॅसिडोसिस. म्हणजे कीटोन साठून रक्त आंबट झालं होतं. शस्त्रक्रिया तिथेच थांबली.

गोळीच्या पाकिटात काय होतं

केसपेपरवर ‘मेटफॉर्मिन’ लिहिलेलं होतं, कारण रुग्णाने ‘साखरेची गोळी’ एवढंच सांगितलं होतं. पाकीट मागवल्यावर कळलं की ती जोडगोळी आहे: डापाग्लिफ्लोझिन १० मि.ग्रॅ. आणि मेटफॉर्मिन १००० मि.ग्रॅ. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं, भाव उतरले आणि तेव्हापासून ही गोळी गावोगावच्या मेडिकलात पोचली आहे. गोळी चांगलीच आहे. पण ती लघवीवाटे साखर सांडते, म्हणून शरीरात इन्सुलिन अपुरं पडलं तरी मीटरवरचा आकडा चढत नाही. त्यात माणूस उपाशी राहिला, पाणी तुटलं, ताण आला की शरीर चरबी जाळायला लागतं, यकृत त्या चरबीचे कीटोन बनवतं आणि साखर बघून कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान ३ दिवस बंद करायच्या, अर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस. आदल्या रात्री बंद करून उपयोग नाही, कारण परिणाम काही दिवस रेंगाळतो.

लघवीची कीटोनपट्टी हाताशी असते, पण ती अॅसिटोअॅसिटेट मोजते. अशा वेळी रक्तात जास्त असतं ते बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, आणि ते पट्टीला दिसत नाही. पट्टीवर ‘थोडे’ आले म्हणून निर्धास्त होऊ नये. रक्ताचा कीटोनमीटर नसेल तर ब्लड गॅस किंवा निदान बायकार्बोनेट बघावं.

उपचारात हमखास होणारी चूक म्हणजे साखर १६८ आहे म्हणून इन्सुलिन न देणं. इथे इन्सुलिनशिवाय कीटोन थांबत नाहीत. पोटॅशियम ३.५ च्या वर असल्याची खात्री करून इन्सुलिन ताशी ०.०५ ते ०.१ युनिट दर किलोला सुरू करायचं आणि त्याच्या जोडीला पहिल्यापासून १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेची सलाईन), ताशी १०० ते १२५ मि.ली. पहिल्या तासात १ लिटर सलाईन, पुढच्या बाटल्यांत पोटॅशियम. साखर खाली आली म्हणून इन्सुलिन बंद करायचं नसतं, डेक्स्ट्रोज वाढवायचं असतं. चौदा तासांनी पीएच ७.३६ झाला, कीटोन ०.६ च्या खाली आले. तिसऱ्या दिवशी रुग्ण घरी गेला. त्या दिवशी एएलटी ११८ होता, दोन आठवड्यांनी पुन्हा ७६.

मध्यरात्रीचा नियम कुठून आला

भूल दिल्यावर घशाची राखण सुटते. पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनी बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांमधल्या अशा ६६ घटना मांडल्या आणि तेव्हापासून पोट रिकामं ठेवण्याचा नियम कडक होत गेला. पुढे त्याचं सोपं रूप उरलं: रात्री १२ नंतर काही नाही. सकाळी ८ च्या रुग्णालाही तेच आणि दुपारी ३ च्या रुग्णालाही तेच. पण पाणी पोटात राहत नाही. त्याचा निम्मा भाग साधारण पंधरा-वीस मिनिटांत पुढे सरकतो. १९८६ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी १५० मि.ली. पाणी देऊन पाहिलं गेलं. पोटात उरलेलं द्रव वाढलं नाही. आजचा हिशोब पदार्थाप्रमाणे तासांचा आहे: आरपार दिसणारं द्रव २ तास, आईचं दूध ४, गाई-म्हशीचं दूध आणि हलकं जेवण ६, तळलेलं-तुपकट किंवा मटण ८ तास किंवा जास्त.

आपल्या ताटाला हा हिशोब लावायला बसलं की अडचणी कळतात. दुधाचा चहा आरपार दिसत नाही, त्याला ६ तास. कोरा चहा चालतो. ताक, उसाचा रस, आमरस यातलं काहीच ‘पाण्यात’ मोडत नाही. कळण्याची भाकरी आणि मुगाचं पातळ वरण हलकं, शेवभाजी आणि भरीत-पुरी जड. बट्टीवर तूप ओतलं की ८ तासांचा हिशोबही काठावरचाच. तंबाखूची पुडी किंवा दातांना लावलेली मिसरी ही ‘खाण्यात’ धरलीच जात नाही. सकाळी तोंड उघडायला लावून बघावं लागतं.

सगळ्यांत मोठा घोळ शब्दाचा आहे. डॉक्टर म्हणतात ‘उपाशी’, घरी ऐकू जातं ‘उपास’. आणि उपासाला तर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर, राजगिऱ्याचा लाडू, दोन केळी हे सगळं चालतं! सकाळी ७ ला शेंगदाण्याच्या कुटाची खिचडी खाऊन ‘हो, उपास आहे’ असं खरं सांगणारा रुग्ण खोटं बोलत नसतो. ‘उपाशीपोटी’ हा शब्दच सूचनेतून काढून टाकावा आणि त्या जागी घड्याळाची वेळ आणि पदार्थाचं नाव लिहावं.

कोरड्या उपासात यकृताचं काय होतं

यकृताला मिनिटाला सव्वा ते दीड लिटर रक्त लागतं, म्हणजे हृदयाच्या एकूण फेकीच्या जवळपास पाव भाग. त्यातलं तीन-चतुर्थांश रक्त आतड्याकडून पोर्टल शिरेतून येतं, पण ऑक्सिजन त्यात कमी असतो. म्हणून ऑक्सिजनचा साधारण निम्मा वाटा यकृताची रोहिणी उचलते. पोर्टल प्रवाह घटला की रोहिणी आपोआप जास्त उघडते. भुलेची वाफ, विशेषतः जुनं हॅलोथेन, ही सोय मोडते. माणूस कोरडा असला तर भूल चढताच रक्तदाब कोसळतो, शरीर पोटाकडचं रक्त आधी तोडतं, आणि दुर्बिणीसाठी भरलेला वायू उरलेलं दाबतो. पोर्टल शिरेतला दाब सहसा १० मि.मी. पाऱ्याच्या आत असतो. पोटात १४-१५ चा वायू भरला तर ती शीर दबणारच. पहिला फटका यकृतखंडाच्या मधल्या पेशींना, कारण रक्त त्यांच्यापर्यंत पोचेतो ऑक्सिजन संपत आलेला असतो. चरबीने फुगलेल्या पेशी सूक्ष्म वाहिन्या आधीच चेपतात, त्यामुळे अशा यकृताला हा फटका जास्त बसतो.

साठ्याचाही प्रश्न आहे. भरल्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं. रात्रभराच्या उपासात त्यातलं बरंच जातं, दिवसभरात जवळपास सगळं. त्याबरोबर ग्लुटाथिओनही घटतं. पॅरासिटामॉलपासून बनणारा विषारी घटक निकामी करायला तेच लागतं. अठरा तास उपाशी राहिलेल्या, अधूनमधून दारू घेणाऱ्या माणसाला पॅरासिटामॉलची नेहमीची मात्रा ‘नेहमीची’ राहत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. उंदरांना दोन-तीन दिवस फक्त पाण्यावर ठेवलं तर रक्तपुरवठा तोडून पुन्हा जोडल्यावर होणारी यकृताची इजा कमी होते, असे प्रयोग आहेत. माणसांतही २०१९ च्या एका तुलनात्मक चाचणीत, यकृताचा भाग काढायचा असलेल्या ६० जाड रुग्णांपैकी निम्म्यांना आठवडाभर रोज ८०० कॅलरींचा आहार दिला. त्यांचा रक्तस्राव सरासरी ४५२ मि.ली. झाला, नेहमीप्रमाणे जेवणाऱ्यांचा ८६३. कमी जेवणाऱ्यांच्या यकृतात ग्लायकोजेनही कमी होतं. म्हणजे ‘यकृत ठासून भरलेलं हवं’ हा काही सिद्ध नियम नाही. पण त्या उंदरांना पाणी मिळत होतं आणि त्या रुग्णांना रोज ७० ग्रॅम प्रथिनं. ठरवून, मोजून कमी खाणं एक. मे महिन्यात बाकड्यावर सोळा तास पाण्यावाचून ताटकळणं वेगळं. पहिल्यावरून दुसऱ्याचं समर्थन करता येत नाही.

दुसरी तयारी

शस्त्रक्रिया पुन्हा ठरवताना आधी फॅटी लिव्हरचा शेरा गांभीर्याने घेतला. फिब-४ (यकृतात किती व्रण धरले याचा अंदाज देणारा आकडा) काढायला नवीन तपासणी लागत नाही: वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचं वर्गमूळ). इथे ५४ × ५८ ÷ (२१० × ८.६) = १.७३. १.३ च्या खाली असतं तर सोडून देता आलं असतं, २.६७ च्या वर असतं तर सिरोसिसची (यकृत व्रणांनी कडक होण्याची) शंका घ्यावी लागली असती. मधला आकडा म्हणून फायब्रोस्कॅन (यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी) केला: ७.४ किलोपास्कल. सिरोसिस नाही. तो निघाला असता तर आधी पोटरोगतज्ज्ञाकडे पाठवलं असतं आणि शस्त्रक्रिया करावी की नाही इथूनच चर्चा सुरू झाली असती. काढ्यांबद्दलही नाव घेऊन विचारलं, कारण गुळवेलीला कोणी ‘औषध’ म्हणत नाही. कोविडच्या काळात मुंबईतून गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. कावीळ उतरवणारी गावठी औषधंही याच यादीत.

मग दोन आठवड्यांचा कमी कॅलरींचा आहार. चरबीचं यकृत जड, ताठर आणि ठिसूळ असतं. दुर्बिणीत ते उचलताना फाटतं आणि पित्ताशयाचा देठ झाकून टाकतं. दोन आठवड्यांत ते मऊ पडतं. रोजचा हिशोब असा धरला: १०० ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी (३५० कॅलरी), ६० ग्रॅम मूगडाळ (२०५), ३० ग्रॅम सोयाबीन वड्या (१००), चार अंड्यांतला पांढरा (७०), ३०० ग्रॅम साय काढलेलं दही (१५०), ४०० ग्रॅम पालेभाजी-दुधी-वांगी (१००), दोन छोटे चमचे तेल (९०). साधारण १०६५ कॅलरी, ७० ग्रॅम प्रथिनं. शेंगदाणे आणि शेव बंद. ५० ग्रॅम दाण्यांतच २८० कॅलरी जातात आणि खानदेशी भाजीत तेवढा कूट सहज पडतो. बागेतलं केळंही दोन आठवडे दुरूनच.

या आहाराचे तीन सापळे आहेत. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना तो सुरू केला तर पुन्हा कीटोअॅसिडोसिस. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी दुसरी गोळी) चालू असेल तर साखर उतरून चक्कर, त्याची मात्रा आधी कमी करावी लागते. तिसरा म्हणजे, वजन भराभर उतरणं हेच पित्ताशयात कळ उठवू शकतं, म्हणून आहार शस्त्रक्रियेची तारीख पक्की करूनच सुरू करायचा आणि लांबवायचा नाही. या रुग्णाला नवव्या दिवशी एक हलकी कळ आली, ताप-कावीळ नव्हती. वजन ८०.६ किलो झालं.

आदल्या संध्याकाळी हातात दिलेला कागद:

‘रात्री ८ वाजता जेवण: दोन भाकरी, वरण, कमी तेलाची भाजी. त्यानंतर दूध, चहा, फराळ, फळ, तंबाखू, मिसरी काही नाही. साधं पाणी रात्रभर चालेल. सकाळी ६ ते ७ मध्ये दोन पेले पाणी प्यायचंच. ७ नंतर पाणी बंद. सकाळी एकही गोळी घेऊ नका, सगळी पाकिटं बरोबर आणा.’

टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळीही त्या सकाळी मुद्दाम थांबवली, कारण ती घेतल्यावर भुलेत रक्तदाब जास्त पडतो. साखरेचं कार्बोहायड्रेट पेय दिलं नाही. मधुमेह नसलेल्यांत ते देतात, मधुमेहींत त्याचा भरवशाचा पुरावा नाही. कागदावर एक ओळ वॉर्डातल्या सिस्टरसाठी होती आणि तीच सगळ्यांत मोलाची: ‘नंबर दोन तासांपेक्षा जास्त पुढे गेला तर फोन करून विचारा आणि पाणी द्या.’

टेबलवर

नंबर पहिला, ९ वाजता. नऊ वर्षांच्या मधुमेहात पोट संथ रिकामं होऊ शकतं म्हणून उजव्या कुशीवर झोपवून पोटाची सोनोग्राफी केली. जठराच्या खालच्या भागाचा छेद ५.२ चौ. सें.मी. सूत्राप्रमाणे २७ + (१४.६ × ५.२) − (१.२८ × ५४), म्हणजे सुमारे ३४ मि.ली., किलोला ०.४२. दीडच्या खाली म्हणजे रिकामं. कीटोन ०.३, साखर १३४.

प्रोपोफॉल (झोप आणणारं औषध) एकदम न ढकलता हळूहळू. स्नायू सैल करायला अॅट्राक्युरियम, कारण ते रक्तातच मोडतं. व्हेक्युरोनियमला यकृत आणि पित्त लागतं. वाफ सेव्होफ्लुरेनची. हॅलोथेनचा साधारण २० टक्के भाग यकृतात मोडतो आणि त्यातून बनणाऱ्या घटकावर क्वचित शरीरच हल्ला चढवतं. आयसोफ्लुरेनचा जेमतेम ०.२ टक्का मोडतो. सेव्होफ्लुरेनचे २ ते ५ टक्के मोडतात, पण तो घटक त्यातून बनत नाही. सरासरी रक्तदाब ७० च्या वर धरला, वायूचा दाब १२ वर सुरू करून जागा मिळताच १० वर आणला. डोकं वर करणं सावकाश, कारण एकदम वर केलं की रक्त पायात उतरतं. प्रतिजैविक सेफॅझोलिन २ ग्रॅम, एकदाच. घरी जाताना सवयीने दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट टाळलं, औषधाने होणाऱ्या काविळीत ते पुढे असतं. छिद्रांच्या जागी ०.२५ टक्के ब्युपिव्हॅकेन (जागा बधिर करणारं औषध) २० मि.ली. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, सगळ्या वाटांनी मिळून. मोजणी चुकते ती इथे: सलाईनमधून १ ग्रॅम, वॉर्डात ६५० ची गोळी, वर ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत लपलेले ३२५. तिन्ही तीन वेगळ्या कागदांवर.

शस्त्रक्रिया ५५ मिनिटं चालली. दोन तासांनी पाणी, पाच तासांनी मुगाची पातळ खिचडी. ‘गॅस सरकेपर्यंत काही नाही’ हा नियम साध्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेला लागू नाही.

दुसऱ्या दिवशी एएसटी ९६, एएलटी ११२, बिलिरुबिन १.१. एवढी वाढ वायूच्या दाबाने आणि डागणी देणाऱ्या चिमट्याने होतेच. आठवड्यात उतरते. बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज मिळून चढत गेले असते तर पित्तनलिकेत खडा किंवा इजा शोधली असती. एएलटी हजारांत गेलं असतं तर रक्तपुरवठा तुटला होता असं धरून आयएनआर दर सहा तासांनी बघितला असता. सातव्या दिवशी एएसटी ४९, एएलटी ६१.

मेटफॉर्मिन दुसऱ्या दिवशी जेवणाबरोबर सुरू झालं, स्वतंत्र गोळी म्हणून. डापाग्लिफ्लोझिन पुन्हा द्यायचं का, हे फिजिशियनवर सोडलं. टाके काढायला आला तेव्हा रुग्णाने आषाढी एकादशी धरू का असं विचारलं. उत्तर केसपेपरवर लिहून दिलं: धरा, पण पाणी पीत राहा आणि निर्जळी नको. ती जोडगोळी पुन्हा सुरू झाली तर कुठलाही लांब उपास आधी डॉक्टरांना सांगून.